सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलात? मोठेपणी डोळे आणि तब्येत अशी सांभाळा

चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला आम्ही बरेच प्रश्न विचारतो. साखर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला काचबिंदू होता का, डोकं दुखतं का. ‘तुमचा जन्म कितव्या महिन्यात झाला?’ हे मात्र तिशीतल्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही. लहानपणी बालरोगतज्ज्ञ विचारतात, पण त्यांच्याकडे जाणं दहावीच्या आसपास सुटतं, आणि मोठ्यांच्या केसपेपरवर त्या प्रश्नाला जागाच नसते. त्यामुळे तुमचा जन्म दिवस भरायच्या आधी झाला असेल, तर ते तुम्हालाच सांगावं लागणार. डोळ्यांच्या डॉक्टरांना, बीपी बघणाऱ्यांना, बाळंतपणाच्या डॉक्टरांना, ऑपरेशनआधी भूल देणाऱ्यांना, सगळ्यांना, त्यांनी विचारायची वाट न बघता. खाली जे लिहिलं आहे ते हे सांगण्याआधी काय शोधायचं आणि सांगितल्यावर काय तपासून घ्यायचं याबद्दल आहे.

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून एक आकडा आधीच देतो. स्वीडनमध्ये १९७३ ते १९९७ या काळात जन्मलेल्या लाखो लोकांचा मोठेपणीपर्यंत माग ठेवला गेला. लवकर जन्मलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोक मोठेपणी हयात होते आणि त्यांना कोणताही मोठा आजार नव्हता, आणि पूर्ण दिवसांच्या लोकांत हे प्रमाण ६३ टक्के होतं. म्हणजे फरक आहे, पण आभाळ कोसळावं इतका नाही. अगदी लवकर, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत मात्र तो आकडा २२ टक्क्यांवर येतो. तेव्हा ‘लवकर’ म्हणजे किती लवकर, इथूनच सुरुवात करायला हवी.

पहिलं काम: आईशी बसून हिशेब लावा

गर्भारपण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवड्यांच्या आधीचा जन्म तो मुदतपूर्व. त्यातही ३२ ते ३६ आठवडे, २८ ते ३१ आठवडे आणि २८ च्या आतले, असे तीन गट डॉक्टर करतात. जितके आठवडे कमी, तितकं पुढचं लक्ष जास्त. आपल्याकडे ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं म्हातारी माणसं अजून छातीठोकपणे सांगतात. ते उलटं आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

जन्मदाखल्यावर आठवडे किंवा वजन सापडत नाही, तिथे वेळ घालवू नका. अलीकडे जन्मलेल्यांचं तायी कार्ड (कर्नाटकात गर्भार बाईला मिळतं ते नोंदीचं कार्ड) घरात असेल तर त्यावर पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि जन्मवजन लिहिलेलं असतं. बाळ काचेच्या पेटीत ठेवलं होतं तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असणार. ट्रंकेत, जुन्या एलआयसीच्या कागदांत, देव्हाऱ्याखालच्या खणात बघा. आणि आपल्या बेळगाव सीमाभागातली एक गोष्ट विसरू नका. पहिलं बाळंतपण माहेरी. आई चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडची असेल तर तुमचा जन्म, आणि म्हणून तुमची फाईल, महाराष्ट्रात असू शकते. पुढचे उपचार बेळगावात, एखादं ऑपरेशन मिरजेला, चष्मा निपाणीत, असे कागद चार गावांत विखुरलेले असतात.

कागद काहीच नसतील तर आठवणींवरून हिशेब लावता येतो, आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. आईला तारीख विचारू नका, ती म्हणेल, ‘आता कुठली आठवायला बाळा.’ तिला विचारा: बाळंतपण कुठल्या सणाच्या सुमाराला होणार म्हणून सांगितलं होतं, आणि झालं कधी? डोहाळजेवण झालं होतं का, की त्याच्या आधीच कळा आल्या? माहेरी येऊन किती दिवस झाले होते? जन्मल्यावर रडलास का लगेच? पेटीत किती दिवस होतास, नळी घातली होती का, ऑक्सिजन लावला होता का, रक्त चढवलं होतं का? वजन? ‘दीड किलो होतास, कापसात गुंडाळून ठेवला होता’ एवढं एक वाक्य मिळालं तरी डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. घरची मोठी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे पूर्ण दिवस भरूनही कमी वजनाची मुलं बरीच जन्मतात. कमी वजन आणि कमी दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत. बीपी-साखरेच्या बाबतीत दोन्हींचा परिणाम होतो, पण डोळ्याच्या पडद्याचा जो खास आजार आहे तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा.

डोळ्यात नेमकं काय झालेलं असतं

हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी ते कळेल.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या साधारण १६ व्या आठवड्यात मध्यापासून वाढायला लागतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडच्या कडेला त्या सुमारे ३६ व्या आठवड्यात पोचतात, कानाकडच्या कडेला जवळजवळ ४० व्या. बाळ ३० व्या आठवड्यात बाहेर आलं तर कडेचा पडदा तेव्हा वाहिन्यांविना कोरडाच असतो. मग पेटीतला ऑक्सिजन, संसर्ग, वजन न वाढणं, अशा गोष्टींमुळे वाहिन्यांची वाढ बिघडते, नको तिथे नव्या नाजूक वाहिन्या उगवतात, व्रण पडतो, आणि तो व्रण पडद्याला ओढतो. याला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. १९४२ मध्ये अमेरिकेत बोस्टनला हा आजार प्रथम नोंदवला गेला, आणि बेसुमार ऑक्सिजनचा त्यात हात आहे हे पन्नाशीच्या दशकात सिद्ध झालं. भारतात तर दीड ते दोन किलोच्या बाळांतही तो जोराचा होताना दिसतो, म्हणून आपल्याकडच्या तपासणीची मर्यादा पाश्चात्त्य देशांपेक्षा सैल आहे: दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं प्रत्येक बाळ.

बऱ्याच बाळांत आरओपी आपोआप ओसरतो. ज्यांचा वाढला त्यांना आधी गोठवण्याचा उपचार करत, नंतर लेझर आलं, आणि गेल्या पंधरा-एक वर्षांत डोळ्यात इंजेक्शनही देतात. कर्नाटकात २००८ पासून किड्रॉप नावाचा उपक्रम सुरू आहे. त्यात तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षात जातात आणि पडद्याचे फोटो बंगळुरूच्या डॉक्टरांना पाठवतात. पण तुम्ही आज तीस-चाळिशीचे असाल, तर तुमच्या वेळी खेड्यातल्या दवाखान्यात हे काही नव्हतं. तुमच्या डोळ्यात आरओपी येऊन आपोआप गेलेला असू शकतो आणि घरात कुणाला पत्ताही नसेल. ‘तेव्हा काही झालं नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘तेव्हा कुणी बघितलं नाही’ एवढाच असतो.

आणि आरओपी नसला तरी गोष्ट तिथेच संपत नाही. जर्मनीतल्या माइन्झ इथे १८ ते ५२ वयाच्या, लवकर जन्मलेल्या लोकांचे डोळे तपासले तेव्हा जन्माचे आठवडे जितके कमी तितकी नजर थोडी कमी, आणि पडद्याच्या मध्यभागाच्या घडणीत फरक, असं आढळलं.

डोळे तपासायला जाताना

नुसता नंबर काढून घेऊन परत येऊ नका. आमच्याकडे खानापूरकडचा एक तरुण यायचा. उणे आठचा चष्मा, काचा बाटलीच्या बुडासारख्या. तक्ता वाचताना मान उजवीकडे किंचित वळवायचा आणि डावा डोळा बारीक करायचा. दर वर्षी कुठल्या तरी दुकानात नवा नंबर निघायचा, दर वर्षी काचा बदलायच्या. डोळ्यात थेंब घालून पडदा त्याने कधीच दाखवलेला नव्हता. थेंब घातल्यावर डॉक्टरांना दिसलं की पडद्याचा मध्य एका बाजूला ओढला गेला आहे आणि कडेला जुना व्रण आहे. मान वळवण्याचं कारण तेच. तो सात महिन्यांचा होता हे त्याच्या आईने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं.

म्हणून डॉक्टरांना हे सांगा आणि हे मागा:

– ‘माझा जन्म इतक्या आठवड्यांचा, वजन इतकं, पेटीत इतके दिवस.’ लहानपणी लेझर किंवा इंजेक्शन झालं असेल तर कुठल्या डोळ्याला.
– दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह जास्तीत जास्त नजर. एक डोळा कायम मागे असेल तर तो लहानपणापासूनचा ‘आळशी डोळा’ आहे की आतला दोष, हे वेगळं करून घ्या.
– डोळ्याचा दाब, आणि पुढच्या कोनाची तपासणी. डॉक्टर भिंग लावून तो कोन बघतात.
– बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी. डोक्याला दिवा लावून करतात ती.
– नजर ६/६, म्हणजे पूर्ण, होत नसेल तर पडद्याच्या मध्याचा ओसीटी फोटो.
– लेझर झालेलं असेल, किंवा चालताना धक्के लागत असतील, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे समोर बघताना कडेचं किती दिसतं ते.

यातल्या तिसऱ्या गोष्टीवर मी जरा थांबतो, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. लवकर जन्मलेल्यांचा उणे नंबर नेहमीच्या उणे नंबरसारखा नसतो. नेहमी डोळा लांब झालेला असतो. यांच्यात बऱ्याचदा डोळ्याच्या पुढच्या भागाची वाढच थांबलेली असते: बुबुळावरची काच जास्त उभार, आतलं भिंग जाडसर आणि पुढे सरकलेलं, पुढची पोकळी उथळ. त्यामुळे पाणी निघून जायची वाट अरुंद होते. वय वाढेल तसं भिंग आणखी जाड होतं आणि कधीतरी ती वाट बंद पडून काचबिंदूचा झटका येतो. उणे नंबरवाल्यांना असा झटका सहसा येत नाही, असं शिकवलेलं असल्यामुळे डॉक्टरांच्या मनातही तो पटकन येत नाही. म्हणूनच थेंब घालण्याआधी सांगायचं: ‘मी कमी दिवसांचा आहे, आधी कोन बघा.’ कोन अरुंद निघाला तर सर्दीच्या काही गोळ्या, प्रवासात मळमळू नये म्हणून घेतात त्या गोळ्या, झोपेसाठी-दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन, यांनीही झटका येऊ शकतो. मेडिकलमधून सर्दीची गोळी सहज मागून घेण्याआधी एकदा विचारा.

चष्मा घालवायच्या ऑपरेशनची जाहिरात बघून हुरळून जाऊ नका, विशेषतः लग्न ठरवायच्या गडबडीत. (स्थळ बघायला येताना चष्मा काढून बसवलेल्या मुली मी बऱ्याच बघितल्या आहेत, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं.) पुढची पोकळी उथळ असेल तर डोळ्यात बसवायचं भिंग चालत नाही, आणि लेझरने नंबर गेला तरी पडद्यावरचा जुना व्रण तिथेच राहतो. नंबर शून्य झाला म्हणजे डोळा निरोगी झाला, असा समज मग जास्त महागात पडतो. मोतीबिंदूही अशांना लवकर, कधी चाळिशीतच येतो. ऑपरेशन होतं, पण सर्जनला आधी माहिती हवी.

लहानपणी इंजेक्शन घेतलेली मुलं आता किशोरवयात आली आहेत. त्यांच्या पडद्याची कड काही वेळा वाहिन्यांविनाच राहते आणि आजार पुढे उशिराने डोकं वर काढू शकतो. घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर ‘आता मोठा झाला’ म्हणून तपासणी थांबवू नका.

किती दिवसांनी दाखवायचं? आरओपी झालेला किंवा उपचार झालेला असेल तर वर्षातून एकदा, थेंब घालून, आयुष्यभर. आरओपीचं माहीत नाही पण ३२ आठवड्यांच्या आतला जन्म असेल, तर एकदा वरची पूर्ण तपासणी आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. ३५-३६ आठवड्यांचे असाल आणि नजर स्वच्छ असेल तर चाळिशीपर्यंत दोन-तीन वर्षांनी दाखवलंत तरी पुरे. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

त्याच दिवशी पळायचं तेव्हा

एका डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके किंवा काजळी पडल्यासारखं तरंगणं, कडेकडून काळी सावली सरकत येणं: ही पडदा सुटल्याची खूण आहे. दुखत नाही, म्हणून लोक बाजाराचा दिवस जाऊ देतात, ऊसतोड संपू देतात. पडद्याचा मध्य सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बरीच वाचते, नंतर तितकी नाही. डोळा लाल, प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी: हा काचबिंदूचा झटका. पित्त समजून त्यावर घरगुती उपाय करत रात्र काढू नका.

कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा. तालुक्याच्या गावात डोळ्यांचे डॉक्टर असतात, पडद्याचे सर्जन सहसा नसतात. बेळगावात बीम्स आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय ही मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत. खानापूर-कित्तूरकडच्यांना हुबळीची एम. एम. जोशी नेत्रसंस्था बरी पडते, अथणी-रायबाग-कागवाडकडच्यांना मिरज, आणि निपाणीकरांना कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. निघण्याआधी फोन करून एकच विचारा: ‘पडद्याचे डॉक्टर आज आहेत का?’ राज्याची हद्द डोळ्याला कळत नाही, जे जवळ आणि आज उघडं आहे तिथे जा.

६/६ दिसतं, तरी दिसत नाही

काहींची नजर तक्त्यावर उत्तम येते आणि तरी बेळगावच्या गणपत गल्लीत सणासुदीच्या गर्दीत बरोबरचं माणूस सापडत नाही, जिन्याची खालची पायरी चुकते, भरलेल्या डब्यातून एक किल्ली शोधायला त्रास होतो, पातेलं ओट्याच्या कडेवर आदळतं. घरचे ‘वेंधळा’ म्हणून सोडून देतात. लवकर जन्मलेल्यांत मेंदूतल्या नजरेच्या वाटांना इजा झालेली असू शकते, आणि त्यात खालचं दृष्टिक्षेत्र बऱ्याचदा कमी झालेलं असतं. डोळे निर्दोष म्हणून डॉक्टर परत पाठवतील, तेव्हा दृष्टिक्षेत्र तपासा असं सांगा, आणि गरज पडली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. इलाज फार नाही, पण सोयी करता येतात: पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग, वस्तूंच्या ठरलेल्या जागा, कमी पसारा. दुचाकी चालवण्याबाबत मात्र दृष्टिक्षेत्राचा कागद बघून प्रामाणिकपणे ठरवा.

डोळ्यापलीकडे: बीपी, मूत्रपिंड, साखर

मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भात सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. जन्मानंतर नव्या तयार होत नाहीत. म्हणजे आठ आठवडे लवकर आलेला माणूस आयुष्यभर कमी गाळण्यांवर काम चालवतो, आणि त्या कमी गाळण्यांवर दाब जास्त येतो. लवकर जन्मलेल्यांचा वरचा बीपी सरासरीने ३ ते ४ अंकांनी जास्त असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो विशीपासूनच जास्त असतो.

तेव्हा अठराव्या वर्षापासून वर्षाला एकदा बीपी. पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीवर, बोलत नसताना. चहा पिऊन धावत येऊन घेतलेला बीपी मोजू नका. १३० च्या वर सतत जात असेल तर तरुण आहे म्हणून सोडू नका. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन एकदा विशीत, मग दोन-तीन वर्षांनी. उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) पंचविशीपासून. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातली बीपी-साखरेची मोहीम तिशीनंतरच्यांसाठी असते. तुम्ही आधी जाऊन ‘मी सातव्या महिन्यातला आहे’ सांगून मोजून घ्या, बीपीला कुणी नाही म्हणत नाही.

साखरेबद्दल आपल्याच भाषेतल्या गावांतून मोठं काम झालं आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भोवतालच्या खेड्यांत गर्भार बायका आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. आपली बाळं वजनाने कमी असली तरी अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतात, हे त्यातून दिसलं. त्यामुळे लहानपणी किडकिडीत होता म्हणून मोठेपणी ‘खा बाबा, भरून काढ’ हा प्रेमळ आग्रह इथे नडतो. कुंदा बंद करा असं बेळगावात राहून मी म्हणणार नाही, पण रोज पाव किलोचा डबा नको. लोणचं-पापड-खारे शेंगदाणे ताटात एकावेळी एकच.

आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून सुट्या घेण्याची सवय सोडा. शेतात उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर ही गोळी, हे मूत्रपिंडाला जड जातं.

छाती

फुप्फुसातले हवेचे बारीक कप्पे बहुतांशी जन्माच्या सुमारास आणि त्यानंतर तयार होतात. लवकर जन्म, त्यात श्वासयंत्र, म्हणजे ते कमी किंवा ओबडधोबड राहतात. तरुणपणी भागून जातं. चाळिशीनंतर दम लागायला लागला की दमा समजून पंप सुरू होतो आणि जन्माचा इतिहास कुणी विचारत नाही. एकदा स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकर मारायची सोपी तपासणी आहे, म्हणजे पुढे तुलनेला आकडा राहील.

विडी-सिगारेट तुम्हाला इतरांपेक्षा महाग पडते, हे वेगळं सांगायला नको. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा घरी विड्या वळण्याचं काम असेल तर धूळ तोंडात जाणार नाही असा मास्क आणि खिडकी उघडी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत काम करत असाल तर कंपनीकडे चांगला मास्क मागा, आणि पडदा नाजूक असलेल्यांनी गॉगल तर हवाच. गुऱ्हाळाचा धूर, उसाचा पाला पेटवण्याचे दिवस, चूल, यांपासून जमेल तितकं लांब. फ्लूची लस दर वर्षी घेता आली तर घ्या.

ऑपरेशन आणि बाळंतपण

बाळपणी बरेच दिवस श्वासनळीत नळी होती, तर आवाजाच्या पट्ट्यांखाली श्वासनळी अरुंद झालेली असू शकते. अपेंडिक्सचं ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा.

लवकर जन्मलेल्या बाईला स्वतःच्या गर्भारपणात बीपी वाढण्याची आणि लवकर प्रसूतीची शक्यता काहीशी जास्त असते. पहिल्याच भेटीत, दुसरा-तिसरा महिना असतानाच सांगा, सातव्यात नाही. पहिलटकरणींना सहाव्या ते तेराव्या आठवड्यांत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली तर मुदतपूर्व प्रसूती कमी होते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीने दाखवलं, तिच्या केंद्रांत नागपूरबरोबर आपलं बेळगावही होतं. प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आलं. ही गोळी स्वतःहून घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि मोठा उणे नंबर आहे म्हणून सीझरच करावं लागतं, हा समज खोटा आहे. पडदा दाखवून घ्या, एवढंच.

मनाचंही थोडं. काळजी, भिडस्तपणा, लक्ष न लागणं, गणिताची धास्ती, हे लवकर जन्मलेल्यांत जास्त आढळतं. त्रास होत असेल तर उपचार आहेत. हाडांसाठी नाचणी, दूध, ऊन आणि चालणं.

एक कार्ड बनवा

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मराठीत तुमच्यासाठी, आणि शेजारच्या शिकलेल्या पोराकडून इंग्रजी आणि कन्नडमध्ये डॉक्टर-नर्ससाठी. मजकूर असा:

‘जन्म ३१ आठवडे, वजन १४०० ग्रॅम (आईच्या सांगण्यावरून). पेटीत २५ दिवस, ऑक्सिजन होता. उजव्या डोळ्याला लेझर. चष्मा उजवा उणे ७, डावा उणे ५. डोळ्याचा कोन अरुंद: थेंब घालण्याआधी तपासा. शेवटचा बीपी, साखर, क्रिएटिनिन, तारखेसह. सुरू असलेली औषधं.’

‘आईच्या सांगण्यावरून’ हे शब्द गाळू नका, कागदावरचं काय आणि आठवणीतलं काय हे डॉक्टरांना कळायला हवं.

पैसे आणि दाखले

रेशनकार्ड कर्नाटकचं बीपीएल असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. मोठ्या खाजगी रुग्णालयात ठरवून करायच्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते, ती घेतल्याशिवाय भरती होऊ नका. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावरून दोन्हीकडे बरंच राजकारणही झालं. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला आपल्या गावाचं नाव सांगून आधी विचारा.

चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली असेल किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टीचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळू शकतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात. हे आधी माहीत असलं म्हणजे खेपा वाचतात. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यासाठी कॉलेजला अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या.

आणि तुमच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या घरी आता दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ आलं असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासलाच पाहिजे, बाळ अगदीच लहान असेल तर तीन आठवड्यांच्या आसपास. दवाखान्यातून घरी सोडताना तारीख लिहून मागा. बाराव्याच्या गडबडीत, सुवेर आहे म्हणून, थंडी आहे म्हणून ती तारीख पुढे ढकलू नका.